नाशिकच्या उदारमतवादी मतदाराची कोंडी

2024च्या पहिल्या अडीच महिन्यांत देशाच्या आणि राज्याच्या राजकारणातले तीन मोठे नेते नाशिकला देवदर्शन करून गेले. 12 जानेवारीला पंतप्रधान नरेंद्र मोदी राष्ट्रीय युवा महोत्सवासाठी आले. त्यांनी रामकुंडावर पूजा केली, काळाराम मंदिरात दर्शन घेतलं आणि मंदिराच्या आवारात स्वतः स्वच्छता केली. 22 जानेवारीला, अयोध्येत प्राणप्रतिष्ठेचा सोहळा झाला त्याच दिवशी, उद्धव ठाकरे काळारामाच्या दर्शनाला आले, गोदावरीची आरती केली आणि दुसऱ्या दिवशी अनंत कान्हेरे मैदानावर सभा घेतली. 14 मार्चला राहुल गांधी न्याय यात्रा घेऊन जिल्ह्यात आले. चांदवडला ते शेतकऱ्यांशी बोलले आणि त्र्यंबकेश्वराचं दर्शन घेऊन पुढे गेले.

या तिघांच्या श्रद्धेवर शंका घेण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण सरकारनं देवळात लुडबूड करू नये, देवळानं सरकारात करू नये आणि मत मागणाऱ्यानं देवाला मध्ये घालू नये, एवढंच मागणारा एक मतदार या शहरात आहे. त्याला त्या अडीच महिन्यांत एक गोष्ट लख्ख कळली. सत्ताधारी, त्यांच्यापासून फुटून विरोधात गेलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या धर्मनिरपेक्ष म्हणवणारे, सगळ्यांना नाशिकमध्ये आल्यावर पहिलं एकच दार आठवतं.

हा मतदार कोण, हे आधी स्पष्ट करायला हवं. त्याच्याविषयीचं प्रचलित चित्र चुकीचं आहे. कॉलेज रोडवर राहणारा, इंग्रजी वाचणारा, देव न मानणारा, असं ते चित्र. असे लोक आहेतही. पण निवृत्तिनाथांच्या पालखीत पायी चालणारी आणि ‘देवाच्या नावानं मत मागायला येऊ नका’ असं उमेदवाराला तोंडावर सांगणारी बाई मला याच वर्गातली वाटते. आंबेडकरी वस्तीतला वकील, सातपूर-अंबडच्या कारखान्यातला जुना युनियनवाला, जुन्या नाशकातला मोहल्ल्याच्या पुढाऱ्यांना कंटाळलेला मुस्लिम तरुण, निफाडचा द्राक्ष बागायतदार, निवृत्त शिक्षिका, हे सगळे त्यात येतात. देवाविषयी त्यांचं एकमत नाही. राज्य सगळ्यांचं असावं आणि माणसाची किंमत जातिधर्मावर ठरू नये, यावर मात्र आहे.

माझं म्हणणं असं की हा मतदार धर्मावर चिडलेला नाही. धर्माला हक्काचा जाब विचारणारं पुढारीपण या जिल्ह्यात होतं, ते गेलं, यावर तो चिडलेला आहे. आणि ते नक्की कसं होतं, हे आठवल्याशिवाय गेलं म्हणजे काय झालं हे समजत नाही.

सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं काळाराम मंदिर काळ्या पाषाणाचं आहे. भोवती भक्कम तट आहे आणि चार दिशांना दारं. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांची मिरवणूक या मंदिराकडे निघाली. दारं बंद होती. दुसऱ्या दिवसापासून तुकड्या करून चारही दारांवर सत्याग्रही बसले, त्यांत बायकाही होत्या. मंदिर जवळपास महिनाभर बंद राहिलं. पुजाऱ्यांना आणि गावातल्या मातब्बरांना देवाचं दर्शन बंद झालेलं चाललं, पण अस्पृश्यांना दर्शन मिळालेलं चाललं नसतं. 9 एप्रिलला रामनवमीचा रथ निघाला. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं होतं. पण सत्याग्रहींचा हात दोराला लागण्याआधीच रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली. बाबासाहेबांसह अनेकांना मार लागला. त्यानंतर नाशिकमधल्या दलितांना गावोगाव त्रास सोसावा लागला, तरी भाऊराव कृष्णराव उर्फ दादासाहेब गायकवाडांनी पुढची काही वर्षं हा लढा धगधगता ठेवला.

या सत्याग्रहाकडे मी पुन्हा पुन्हा जातो, कारण धर्म आणि राजकारण यांची गाठ पडण्याचा हा एक प्रकार आज विस्मरणात गेला आहे. तिथे राजकीय नेता देवळाच्या दारात गेला होता, हे खरंच. पण तो आशीर्वाद मागायला गेला नव्हता. बंद दाराचा हिशेब मागायला गेला होता. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. मंदिराचं दार उघडत नसेल तर त्या घरातूनच बाहेर पडण्याचा विचार तिथे उघडपणे मांडला गेला. धर्माविषयी इतकं मूलभूत, इतकं जाहीर आणि इतकं जबाबदारीनं बोलणं नाशिक जिल्ह्यानं ऐकलेलं आहे.

आणि नाशिकच्या मतदारानं ते झिडकारलं नाही. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, ज्या दादासाहेब गायकवाडांनी काळारामाचा सत्याग्रह चालवला त्यांनाच नाशिकनं लोकसभेत पाठवलं. सत्तावीस वर्षांत हा पल्ला गाठला गेला होता. दादासाहेबांनी पुढे भूमिहीनांसाठी जमिनीचा सत्याग्रह उभा केला, त्यात सगळ्या जातींची गोरगरीब माणसं होती. मंदिरप्रवेशाचा नेता भूमिहीनांचा नेता झाला, हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर 1963 साली नाशिकनं त्यांना बिनविरोध लोकसभेवर निवडून दिलं. त्या काळात सगळं आलबेल होतं असं मी म्हणत नाही. पण पुढारी मताला यायचा तो कूळकायदा, पाटाचं पाणी, शाळा, कारखाना घेऊन.

जिल्ह्याचा दुसरा धडा मालेगावचा आहे. हातमाग-यंत्रमागाच्या या गावात समाजवादी निहाल अहमद वर्षानुवर्षं आमदार होते, विधानसभेत विरोधी पक्षनेतेही झाले. 1992मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यावर त्यांनी निषेधाची काळी फीत दंडावर बांधली आणि 2016 साली मृत्यू येईपर्यंत काढली नाही. ते मुसलमानांचे नेते होतेच, पण भाषा समाजवादाची होती, मागाच्या विजेची आणि मजुरीची होती. 1999 साली काँग्रेसच्या शेख रशीद यांनी त्यांचा पराभव केला. दहा वर्षांनी मुफ्ती मोहम्मद इस्माईल आमदार झाले, 2019 आणि 2024मध्ये ते एमआयएमकडून निवडून आले. शेवटची लढत इतकी अटीतटीची की फरक दोनशे मतांच्याही आतला. समाजवाद्यापासून मुफ्तींपर्यंतचा मालेगावचा हा प्रवास आणि नाशिक शहराचा प्रवास एकाच काळात झाला. त्यामुळे धर्माचा शिरकाव फक्त एका बाजूनं झाला, असं म्हणणाऱ्या उदारमतवाद्यांशी माझं जमत नाही. मुफ्ती उभे राहिले की ‘अल्पसंख्याकांची अस्वस्थता’ आणि महाराज उभे राहिले की ‘धर्मांधता’, ही दोन मापं वापरली, तिथेच आपलं म्हणणं कमकुवत झालं.

कायद्याचं काय? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(3) धर्माच्या नावानं मत मागण्याला भ्रष्ट आचार ठरवतं. त्याचा सर्वांत मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. 1987च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांमुळे डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. पण 11 डिसेंबर 1995 रोजी दिलेल्या निकालांतच सर्वोच्च न्यायालयानं ‘हिंदुत्व’ म्हणजे जीवनपद्धती असंही म्हटलं आणि मनोहर जोशी यांची आमदारकी शाबूत राहिली. शिक्षा आणि पळवाट एकाच दिवशी मिळाली. जानेवारी 2017मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध तीन मतांनी कलमाचा अर्थ रुंदावला: उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्मालाही आवाहन करता येणार नाही. कागदावर हे भक्कम आहे. पण निवडणूक याचिका निकाली निघेपर्यंत अनेकदा पुढची निवडणूक येऊन ठेपते. कायद्याच्या भरवशावर हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही.

शहराच्या अलीकडच्या इतिहासात मला 2012 ते 2022 ही दहा वर्षं निर्णायक वाटतात. 2012च्या महापालिका निवडणुकीत नाशिकनं 122पैकी 40 जागा देऊन मनसेला सर्वांत मोठा पक्ष केलं आणि महापौरपदही दिलं. ते मत देवाधर्माला नव्हतं, नवनिर्माणाच्या आश्वासनाला होतं. रस्ते, उद्यानं, गोदापार्क यांच्यावर बोलणं चाललं होतं. काही कामं झाली, बरीच रखडली. 2017मध्ये मनसे 5 जागांवर आली आणि ‘नाशिक दत्तक घेतो’ म्हणणाऱ्या देवेंद्र फडणवीसांच्या भाजपला 66 जागा मिळाल्या. हाही कौल विकासालाच होता. 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी 2,092 कोटी रुपयांची घोषणा झाली. मेट्रो अजून आलेली नाही. विकासाच्या भाषेत दिलेली वचनं एकापाठोपाठ एक अशी रिकामी निघाली की राजकीय पक्षांना दुसऱ्या भाषेची गरज पडते, आणि ती भाषा तयारच असते.

2020मध्ये मनसेनं भगवा झेंडा घेतला. 2022च्या गुढीपाडव्याला मशिदींवरच्या भोंग्यांचा विषय निघाला. नाशिकचे तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांनी आदेश काढला: मशिदीपासून शंभर मीटरच्या आत, अजानच्या आधी आणि नंतर पंधरा मिनिटं, भोंग्यावर हनुमान चालिसा लावता येणार नाही आणि भोंग्याला परवानगी सगळ्यांनीच घ्यावी लागेल. चांगला आदेश होता. सगळ्यांना एकच नियम लावणारा. काही दिवसांत त्यांची बदली झाली, त्यांच्याच विनंतीवरून असं सांगण्यात आलं, आणि नव्या आयुक्तांनी आदेश मागे घेतला. राज्यात तेव्हा महाविकास आघाडीचं सरकार होतं. धर्मनिरपेक्षतेचा इतका साधा, इतका बिनखर्चाचा नमुना हाताशी आला होता. तो आपला म्हणून जाहीरपणे उचलून धरायला आघाडीतला एकही मोठा नेता पुढे आला नाही, हे मला फार लागलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026पर्यंत निवडणूकच झाली नाही. जवळपास चार वर्षं पंधरा लाखांहून मोठ्या वस्तीच्या शहराला नगरसेवक नव्हता. नळाला पाणी आलं नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे ठाऊक नसलेला नागरिक या काळात तयार झाला. लोकशाही सवयीनं टिकते. ती सवय मोडली.

नगरसेवक नव्हते, पण इच्छुक होते, आणि त्यांचं काम अखंड चालू होतं. भागवत सप्ताहाचा मांडव इच्छुकाचा, महाप्रसाद इच्छुकाचा, उज्जैन-शिर्डी-वणीला जाणारी मोफत बस इच्छुकाची. आमच्या प्रभागातल्या एका चौकात लावलेला फलक मी नीट पाहिला आहे. वर डावीकडे श्रीराम, उजवीकडे छत्रपती शिवाजी महाराज, त्याखाली पक्षाच्या नेत्यांची रांग, मग इच्छुकाचा हात जोडलेला फोटो देवाच्या फोटोपेक्षा मोठा, आणि अगदी खाली ‘यात्रेसाठी नोंदणी सुरू’ या ओळीबरोबर मोबाइल नंबर. पाणी, कचरा, शाळा, दवाखाना यांच्यावर एक शब्द नाही. बसमध्ये बसणाऱ्या बायांना मी दोष देत नाही. घरातून दोन दिवस मोकळं बाहेर पडण्याची संधी त्यांना दुसरं कोणी देत नाही. उदारमतवादी पक्षांनी त्यांना काय दिलं, कोणती सहल, कोणती बैठक, कोणतं वाचनालय? या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नाही.

2024च्या लोकसभेनं थोडा वेळ आशा दाखवली. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावपासून सगळ्या बाजारसमित्यांत संताप उसळला. मे महिन्यात, मतदानाच्या पंधरवडाभर आधी, बंदी उठली, पण तोवर नुकसान झालं होतं. दिंडोरीत शिक्षक असलेल्या भास्कर भगरे यांनी केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. नाशिकमध्ये राजाभाऊ वाजे 1,62,001 मतांनी निवडून आले. याच लढतीत शांतिगिरी महाराज अपक्ष उभे होते. मतदानाच्या दिवशी मतदान यंत्राच्या कक्षाला हार घातल्याबद्दल त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. मोठा भक्तपरिवार असूनही त्यांना पन्नास हजारही मतं मिळाली नाहीत. भक्त आणि मतदार ही दोन नाती नाशिककर वेगळी ठेवू शकतो, याचा हा सरळ पुरावा आहे.

पण त्या निकालाचं आम्ही केलेलं वाचन घाईचं होतं. कांद्याला पडलेलं मत संविधानाला पडलं असं आम्ही धरून चाललो. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला जिल्ह्यातल्या 15पैकी 14 जागा महायुतीनं घेतल्या, उरलेली मालेगाव मध्य. मधल्या सहा महिन्यांत लाडक्या बहिणीच्या खात्यात महिना 1,500 रुपये जमा होऊ लागले होते आणि दुसरीकडे धुळ्याचा निकाल हत्यार म्हणून वापरला जात होता. धुळे लोकसभेत नाशिकच्या माजी महापौर शोभा बच्छाव 3,831 मतांनी जिंकल्या. पाच विधानसभा क्षेत्रांत त्या मागे होत्या आणि एकट्या मालेगाव मध्यनं त्यांना जवळपास दोन लाखांची आघाडी दिली. याला ‘व्होट जिहाद’ म्हटलं गेलं आणि हा शब्द गावागावांत पोहोचला. मालेगावकरांनी काँग्रेसच्या एका हिंदू उमेदवाराला भरभरून मतं दिली, ही गोष्ट देशाच्या राजकारणात अभिमानानं सांगण्यासारखी होती. ती तशी सांगायला कोणी तोंड उघडलं नाही. आघाडीचे नेते आरोपाचा इन्कार करत राहिले. त्यात मौलाना सज्जाद नोमानी यांनी कोणाला मत द्यायचं याची यादी जाहीर केली, आणि तिला ठामपणे ‘नको’ म्हणणंही आघाडीला जमलं नाही.

नेतृत्वाविषयीची चीड इथून सुरू होते. येवल्याचे आमदार छगन भुजबळ यांचंच पाहू. शिवसेना, काँग्रेस, राष्ट्रवादी असा त्यांचा प्रवास. समता परिषद त्यांनी काढली, ओबीसींचा प्रश्न लावून धरला, सप्टेंबर 2022मध्ये शाळांत सरस्वतीऐवजी फुले-सावित्रीबाईंची चित्रं लावा असं बोलण्याचं धैर्य दाखवलं आणि टीका झेलली. बाबासाहेबांनी 1935ची घोषणा केली त्या मुक्तिभूमीच्या गावातल्या आमदारानं हे बोलावं याचा आम्हाला आनंद झाला होता. जुलै 2023मध्ये ते अजित पवारांबरोबर भाजपच्या सरकारात मंत्री झाले. फुले-आंबेडकरांवरचं त्यांचं प्रेम खोटं आहे असं मी मुळीच मानत नाही. पण त्या प्रेमावर विसंबून मत देणाऱ्याला निवडणुकीनंतर कुठे नेलं जाईल याची खात्री उरली नाही, हे कसं नाकारायचं? आणखी एका स्थानिक नेत्यावर डिसेंबर 2023मध्ये विधानसभेत बॉम्बस्फोटातल्या गुन्हेगाराबरोबर मेजवानी केल्याचा आरोप झाला. जून 2025मध्ये, आरोप करणाऱ्यांच्याच पक्षानं त्याला प्रवेश दिला. अशा वेळी हिंदुत्वावर मनापासून विश्वास ठेवणारा मतदारही फसवला जातो. त्याच्याही बाजूनं कोणीतरी बोललं पाहिजे.

मग वंचितला मत द्यावं? आंबेडकरी विचाराच्या माणसाला हा प्रश्न दर निवडणुकीत छळतो. 2019मध्ये नाशिक लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला लाखाहून अधिक मतं पडली. ‘मतं खाल्ली’ असं म्हणून त्या लाख माणसांना गप्प करणं मला मान्य नाही, कारण ज्यांच्या आजोबांनी काळारामाच्या दारात मार खाल्ला त्यांनी स्वतःचा उमेदवार शोधू नये असं सांगण्याचा अधिकार कोणाला नाही.

पुरोगामी बाजूच्या असहिष्णुतेचाही हिशेब व्हायला हवा. डिसेंबर 2021मध्ये नाशिकला 94वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष जयंत नारळीकर, म्हणजे वैज्ञानिक दृष्टीचा सन्मान. त्याच दिवसांत शहरात विद्रोही संमेलनही झालं. एकाच शहरात दोन संमेलनं भरतात, यापेक्षा निरोगी लक्षण कोणतं? पण शेवटच्या दिवशी पत्रकार गिरीश कुबेर यांच्यावर शाई फेकली गेली, त्यांच्या पुस्तकातल्या संभाजीराजांविषयीच्या मजकुरावरून. शाई फेकणारे संभाजी ब्रिगेडचे होते, स्वतःला फुले-शाहू-आंबेडकरांच्या विचाराचे म्हणवणारे. वर्षभराच्या आत उद्धव ठाकरे यांच्या पक्षानं याच संघटनेशी युती केली. पुस्तकाला पुस्तकानं उत्तर द्यावं हे तत्त्व आपल्या माणसाच्या बाबतीत सोडलं, तर ते कोणाच्याच बाबतीत उरत नाही.

नाशिकच्या कित्येक घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. त्यांच्याशी बोलताना जाणवतं की तिथल्या उदारमतवादी मतदाराचं दुखणंही असंच दुहेरी आहे. तिथल्या संविधानात पदासाठी धर्माची अट घालायला स्पष्ट मनाई आहे. तरीही 1979मध्ये जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ काढल्यापासून चर्चची संघटित मतं रिपब्लिकन पक्षाचा कणा झाली. जून 2022मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. आणि ज्या पक्षाकडे आशेनं पाहायचं त्याच्या ऐंशी पार केलेल्या राष्ट्राध्यक्षांनी माघार घेतली ती मतदानाला साडेतीन महिने उरले असताना. पण त्याच देशात मार्टिन ल्यूथर किंग हे पाद्री होते आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ चर्चमधून उभी राहिली. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती, तेव्हा हा संबंध जुना आहे. धर्म हक्क मागण्याच्या कामी आला की राजकारण मोठं होतं आणि शत्रू दाखवण्याच्या कामी आला की लहान होतं, हे मिसिसिपीच्या काठी जितकं खरं तितकंच गोदेच्या काठी.

आपल्याकडे यश मिळालंच नाही असं नाही. 2013मध्ये नाशिकमध्ये एका बापानं आंतरजातीय लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीला मारलं आणि त्यामागचा जातपंचायतीचा दबाव उघड झाला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी नाशिकमधूनच जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, तरी ती थांबली नाही. त्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि एप्रिल 2016मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळात एकमतानं मंजूर झाला. तो मंजूर करणारं सरकार भाजप-शिवसेनेचं होतं. म्हणजे कार्यकर्ते वस्त्यांत फिरले, बहिष्कृत कुटुंबांना उभं केलं, पोलीस ठाण्यात जाऊन बसले, की कोणत्याही सरकारला ऐकावं लागतं. त्याच वर्षी विद्या बाळ आणि निलिमा वर्तक यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाचा हक्क मान्य केला आणि त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्याचा वाद पेटला. मार्च 2023मध्ये संयोगिताराजे छत्रपतींनी काळाराम मंदिरात आपल्याला वेदोक्त मंत्र नाकारले गेल्याचं जाहीरपणे सांगितलं. पुजाऱ्यांनी आपली बाजू वेगळी मांडली, पण शाहू महाराजांच्या घराण्याला त्यांच्या वेळच्या वेदोक्त वादानंतर शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा हा विषय काढावा लागतो, तर 1930चं काम संपलं असं कोण म्हणेल?

आता सिंहस्थ येतो आहे. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आणि 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान. हजारो कोटींची कामं, त्यासाठी वेगळं प्राधिकरण, आणि एवढं सगळं असताना जानेवारी 2025मध्ये नेमलेल्या पालकमंत्र्यांना दुसऱ्याच दिवशी स्थगिती. सत्तेतल्या तीन पक्षांना या पदाचा वाद महिनोन्‌महिने मिटवता आला नाही. नोव्हेंबर 2025मध्ये तपोवनातली सुमारे 1,800 झाडं साधुग्रामासाठी तोडण्याची नोटीस निघाली आणि नाशिककर रस्त्यावर आले. अभिनेते सयाजी शिंदे आले, पक्षोपपक्षांचे लोक आले, रोज फिरायला येणारे आजी-आजोबा झाडांना धरून उभे राहिले. मंत्री नितेश राणे यांनी विचारलं की हे पर्यावरणप्रेमी ईदला बोकड कापले जातात तेव्हा का बोलत नाहीत. साध्या नागरी प्रश्नावर धर्माचा पडदा टाकण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो फसला. तपोवनात जमलेल्यांत रामभक्त भरपूर होते. वनवासातल्या रामाची पंचवटी झाडांशिवाय कशी, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझी आशा या माणसांवर आहे. जानेवारी 2026च्या निवडणुकीत भाजपनं महापालिका जिंकली आणि लोकांनी दिलेला कौल मला मान्य आहे. निवडून आलेल्या प्रत्येक नगरसेवकाला आता सिंहस्थाच्या पैशाचा, गोदापात्रातल्या काँक्रीटचा, रामकुंडात मिसळणाऱ्या सांडपाण्याचा आणि तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेल्या झाडांचा हिशेब प्रभागात येऊन द्यायला लावलं पाहिजे. 74व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या दिल्या आहेत, त्यांत सामाजिक संस्थांच्या प्रतिनिधींना घेण्याची सोय आहे. त्या जागा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी गुपचूप भरण्याआधी तपोवनातल्या लोकांनी अर्ज केले पाहिजेत. आंदोलनातल्या काही मंडळींशी मी याबद्दल बोललो आहे. सातपूर आणि पंचवटीतून नावं आली आहेत, सिडको आणि नाशिक रोडमधून अजून हवी आहेत.